दिसला का?

घारपुरेकाकांचं पक्षीशास्त्र त्यांच्या आडनावापासूनच सुरू होतं. आमच्या पक्षी बघणाऱ्या टोळीत नवा आलेला माणूस आभाळात काहीतरी मोठं गरगरताना बघतो, हरखतो, बोट वर करतो. काका मानसुद्धा न उचलता म्हणतात, "घार. पुरे."

काका 38 वर्षं टेलिफोन खात्यात होते. 1979 साली चिकटले तेव्हा टपाल आणि टेलिफोन एकाच घरात नांदत होते. 1985 साली ते विभक्त झाले, पण काकांच्या मनात ती वाटणी काही झाली नाही. पक्ष्याचं वजन ते अजून टपालाच्या हिशोबात सांगतात. "वेडा राघू म्हणजे किती? पंधरा ते वीस ग्रॅम. साध्या टपालात जाईल. जादा तिकीट लागायचं नाही."

नोकरीभर त्यांनी तारा पाहिल्या. ढिल्या पडलेल्या, तुटलेल्या, पतंग अडकलेल्या, फांदी टेकलेल्या. पण तारेवर बसलेलं पाखरू काही पाहिलं नाही. "दिसलं असणार रे," ते म्हणतात, "पण ते माझ्या खात्यात येत नव्हतं."

निवृत्तीनंतर तीन आठवड्यांनी काकूंनी त्यांना घराबाहेर काढलं. "सारखे फोन उचलून डायलटोन ऐकत बसता, त्यापेक्षा टेकडीवर जा," असं काकू म्हणाल्या म्हणे. काका वेताळ टेकडीकडे निघाले. पायथ्याच्या रस्त्याला खांबांची ओळ आहे. टेलिफोनच्या तारा तिथून केव्हाच गेल्या, आता वीज आणि केबलवाल्यांचं जंजाळ आहे. तरी जुन्या सवयीने काकांनी मान वर केली, तर चौथ्या खांबाजवळ, खालून दुसऱ्या तारेवर, एक पोपटी जीव बसलेला. काकांच्या देखत तो उडाला, हवेत एक गिरकी घेतली, चोचीचा टक्क आवाज झाला, आणि तो पुन्हा त्याच तारेवर, त्याच जागी येऊन बसला. चोचीत मधमाशी. ती त्याने तारेवर डावीकडे आपटली, उजवीकडे आपटली, नांगी काढली, गिळली, आणि जसं काही झालंच नाही अशा चेहऱ्याने पुढच्या माशीची वाट बघू लागला.

"लाइन चालू होती," काका सांगतात, "आणि मला 38 वर्षं वाटत होतं, बंद आहे."

त्या दिवशी त्यांना वेडा राघू लागला. पान लागतं किंवा नजर लागते, त्या अर्थाने.

वेड्या राघूचं वर्णन करावं तर काकांनीच. "नीट बघ. अंगभर पोपटी शालू. डोक्यावर तांबूस सोनेरी झाक. डोळ्यांतून काजळाची रेघ ओढलेली, ती पार कानापर्यंत. डोळा लाल, रात्रपाळी करून आल्यासारखा. गळा निळसर आणि गळ्याशी काळी पोत. आणि शेपटीच्या मधून दोन बारीक काड्या बाहेर. शिंपी कपडा शिवून झाल्यावर दोरा तोडायला विसरला ना, तशा." मग थोडं थांबून, "आणि याला वेडा म्हणायचं! शिकार करून न चुकता त्याच खुर्चीवर परत येतो. आमच्या खात्यात असा एक माणूस दाखव."

मधमाश्या पाळणाऱ्यांना हा पक्षी का आवडत नाही, हे वेगळं सांगायला नको. पण काकांच्या लेखी तो दोष नाही. गांधीलमाशी, चतुर, पतंग, नाकतोडे, जे उडेल ते तो धरतो. न पचलेली कवचं गोळी करून तोंडातून टाकतो, आंघोळ धुळीत करतो, आणि घर बांधायला सिमेंट मागत नाही. "आदर्श सभासद," काका म्हणतात. काका आमच्या सोसायटीचे माजी खजिनदार आहेत.

राघूच्या मागोमाग बाकीचा रंगीत गोतावळा आला. नीलपंख, म्हणजे आपला चास. दसऱ्याला तो दिसला की शुभ, म्हणून काका एका दसऱ्याला आम्हाला पहाटे शहराबाहेर शेतात घेऊन गेले. तो खांबावर बसला होता तोवर मळकट तपकिरी, फाइल शोधणाऱ्या कारकुनासारखा. नाकतोडा दिसला म्हणून त्याने पंख उघडले आणि आमच्या तोंडून एकदम "अय्या" निघालं, पुरुषांच्यासुद्धा. इतका निळा रंग तो पंखांत घडी घालून ठेवतो. सिंहगडाच्या दरीत स्वर्गीय नर्तक दाखवला. पांढराशुभ्र नर, काळं डोकं, आणि शेपटीच्या हातभर लांब फिती. "एवढा थाट," काका म्हणाले, "आणि जेवायला काय? माश्या. पण कसा खातो बघ. मंगलाष्टकं चालू असल्यासारखा." निखार पाहिला, हुप्प्या पाहिला, निळ्या शेपटीचा राघूही एकदा पाहिला. पण परतताना काका चौथ्या खांबापाशी थांबत. पाहुण्यांकडे जेवून आल्यावर घरचा ताकभात लागतो, तसं.

काकांचा पोशाख असा: खाकी शर्ट, खाकी पँट, खाकी टोपी. झाडोऱ्यात मिसळून जाण्यासाठी. हे सगळं पाळून ते एवढ्या मोठ्याने बोलतात, की पक्षी त्यांना डोळ्यांनी शोधतच नाहीत. चाळीस वर्षांपूर्वीच्या ट्रंक कॉलवर पलीकडच्याला ऐकू जावं म्हणून जो आवाज लावायचे, तोच अजून लावतात. "हळू बोला! पक्षी बुजतात!" हे वाक्य ते अशा आवाजात म्हणतात की आख्खी टेकडी गप्प होते.

गळ्यात दुर्बीण, पिशवीत सलीम अलींचं पुस्तक, पक्षिकोश आणि एक जाडजूड वही. वही खात्यातलीच, कोरी राहिलेली, तक्रार नोंदणीची. रकाने छापलेले आहेत: तारीख, खांब क्रमांक, तक्रार, निवारण. काकांनी रकाने बदलले नाहीत. त्यामुळे त्यांची पक्षीनोंद अशी वाचावी लागते. खांब 4. तक्रार: वेडे राघू, 3. निवारण: उडाले. खांब 7. तक्रार: नीलपंख, 1. निवारण: कावळ्याने हाकलला. एका पानावर आहे, खांब: नाही, आंबा. तक्रार: हळद्या. निवारण: ऐकू आला, सापडला नाही, पाठपुरावा चालू.

आता मुख्य विषयाकडे येतो. पक्षी बघणं हा छंद आहे, पण पक्षी दाखवणं हा स्वभाव आहे. घारपुरेकाका बघणारे नाहीत, दाखवणारे आहेत. एकट्याने पाहिलेला पक्षी ते वहीत लिहितात, पण त्यांना तो पोचत नाही. कोणीतरी शेजारी हवं, त्याच्या खांद्यावर हात ठेवून, त्याची हनुवटी दोन बोटांनी फिरवून, "दिसला का?" असं विचारता आलं पाहिजे.

"तो बाभळीचा शेंडा दिसतो? तो नाही, त्याच्या मागचा. तिथून खाली ये. बेचकी लागेल. बेचकीतून उजवीकडे जाणारी फांदी सोड."

"सोडली."

"डावीकडची धर. तिथे एक वाळकं पान आहे. ते नव्हे. त्याच्या वर, घड्याळात दोन वाजले असतील तिथे."

"कुणाच्या घड्याळात?" असं निखिलने एकदा विचारलं. निखिल संगणकवाला आहे. त्याच्या कॅमेऱ्याची लेन्स एवढी आहे की तिला रिक्षात वेगळी सीट लागते. काकांनी त्याला दोन रविवार पक्षी दाखवले नाहीत.

तर इतका नकाशा सांगून झाल्यावर काका विचारतात, "दिसला का?" आणि इथे मराठी माणसाची कसोटी लागते. साठी उलटलेला माणूस मान वाकडी करून, श्वास रोखून, आपल्या तोंडाकडे आशेने बघतो आहे. त्याला "नाही" कसं म्हणणार? सगळे म्हणतात, "दिसला."

या "दिसला"च्या तीन जाती मी नोंदवल्या आहेत. पहिली, झटपट: "दिसला दिसला!" ही नवशिक्याची जात. दुर्बीण डोळ्याला लागायच्या आत हा ओरडतो आणि पकडला जातो. दुसरी, आलापी: "हां… हां हां… अच्छा!" यात दुर्बीण भलतीकडे असली तरी चालते, सूर महत्त्वाचा. तिसरी, उस्तादी: "आत्ताच उडाला हो!" ही मी वर्षभर वापरली. तिच्यात आपल्याला पक्षी दिसला होता हेही येतं, आता दिसत नाही हेही येतं, आणि दोष पक्ष्यावर जातो.

काका उलटतपासणी घेतात, हे मला उशिरा कळलं. "शेपूट कुठल्या बाजूला होती?" मी म्हणालो, डावीकडे. "आणि तोंड?" मी गडबडीत म्हणालो, डावीकडे. त्या पक्ष्याबद्दल आमच्यात पुन्हा बोलणं झालं नाही.

पण सामुदायिक "दिसला"ची गोष्ट याहून मोठी. एकदा आम्ही आठ जण बोराटीच्या झुडपाकडे दहा मिनिटं बघत होतो. पोपटी रंग, मधेच हलतो, मधेच थांबतो. दातांच्या डॉक्टर परांजपेबाईंना चोच दिसली. मला काजळाची रेघ दिसली. निखिलने एकशेचाळीस फोटो काढले. शेवटी तिसऱ्या मजल्यावरचा नऊ वर्षांचा ओजस सरळ चालत गेला आणि ती पिशवी घेऊन आला. वाणसामानाची होती. काकांनी वही उघडली. तक्रार: पिशवी, 1. निवारण: ओजस.

त्यांचं सर्वांत मोठं दाखवणं म्हणजे राघूचं घरटं. राघू झाडावर घरटं बांधत नाही, मातीच्या उभ्या दरडीत चोचीने आणि पायांनी बीळ कोरतो, आत हातभर खोल जातो आणि तिथे गुळगुळीत पांढरी, गोटीसारखी गोल अंडी घालतो. एका वर्षी उन्हाळ्यात टेकडीच्या पायथ्याशी इमारतीसाठी खणलेला खड्डा कामाविना पडून होता. त्याच्या कडेला एका जोडीने बीळ केलं. काकांना ते सापडलं आणि रविवारी आम्ही नऊ जण ओळीने उभे राहिलो. राघू चोचीत चतुर घेऊन तारेवर बसलेला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. तो आमच्याकडे बघतो, बिळाकडे बघतो, ट्री ट्री करतो, चतुर तसाच. मधेच बिळाच्या दिशेने झेपावतो आणि वाटेतून परत फिरतो.

"जात का नाही?" परांजपेबाईंनी विचारलं.

काकांचा चेहरा खुलला. "कारण त्याला माहीत आहे की तुम्हाला बीळ दिसतंय." मग त्यांनी सांगितलं ते खरं आहे, मी नंतर पडताळून पाहिलं. आपल्याच गरवारे कॉलेजातल्या मिलिंद वाटवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेड्या राघूवर प्रयोग केले, 2002 साली ते जगभरच्या शास्त्रज्ञांसमोर छापून आले. माणूस बिळापासून तेवढ्याच अंतरावर उभा, पण एकदा त्याला बीळ दिसेल असा, एकदा आडोशामुळे दिसणार नाही असा. दिसत असेल तेव्हा राघू आत शिरायला कचरतो. दिसत नसेल तर बेलाशक जातो. म्हणजे माणूस कुठे उभा आहे एवढंच तो बघत नाही, तिथून माणसाला काय दिसत असेल याचाही तो अंदाज घेतो.

"वेडा म्हणे!" काका आमच्या आठ तोंडांवरून नजर फिरवत म्हणाले. "वीस ग्रॅमचं पाखरू. समोरच्याला काय दिसतं याचा विचार करतं. आमच्या साहेबांना निवृत्त होईपर्यंत जमलं नाही."

मग त्यांनी आम्हाला पत्र्याच्या कुंपणामागे उभं केलं. तिथून बीळ दिसत नव्हतं. मिनिटभरात पंखांची फडफड ऐकू आली.

"गेला आत!" काका ओरडले. "दिसला का?"

"कसा दिसेल, काका?" ओजस म्हणाला. "दिसणार नाही म्हणूनच तर तो गेला."

"बरोबर!" काका म्हणाले. "पाहायचं असेल तर पाहायचं नाही." आणि याला आम्ही तत्त्वज्ञान समजून टाळ्या वाजवल्या. राघू पुन्हा तारेवर.

त्याच वर्षीच्या पावसाळ्यानंतर काकांची पद्धत बदलली. ते पक्ष्याकडे सरळ बघेनात. कोणी "काका, तारेवर" म्हटलं की ते तारेच्या जरा बाजूला, आभाळाच्या रिकाम्या तुकड्याकडे बघत आणि मान हलवत. माणसांशीही तसंच. बोलताना तुमच्या कानाकडे किंवा खांद्यावरून पलीकडे बघायचे. आम्हाला याचा उलगडा लगेच झाला. राघू बुजतो, थेट रोखलेली नजर त्याला खपत नाही, म्हणून काकांनी ही तिरकी विद्या काढली. परांजपेबाईंनी ती उचलली. मग निखिलने. पुढचे कित्येक रविवार आठ शहाणीसुरती माणसं टेकडीच्या पायथ्याशी उभी राहून, दुर्बिणी गळ्यात लोंबकळत ठेवून, पक्षी सोडून बाकी सगळीकडे बघत होती. फिरायला येणारी मंडळी आम्हाला वळसा घालून जाऊ लागली.

शिकवण्याची रीतही पालटली. पूर्वी काका सांगायचे आणि आम्ही हो म्हणायचो. आता ते म्हणत, "सगळं मीच सांगू काय? काय दिसतंय, तू सांग. रंग सांग. शेपूट सांग." मला म्हणे, आलापी चालायची नाही, वर्णन पाहिजे. त्यामुळे नाइलाजाने मला पक्षी खरोखर बघावे लागले. दुर्बीण त्यांनी ओजसला देऊन टाकली, "मुलांनी आधी बघावं." वही माझ्याकडे दिली, "माझं अक्षर हल्ली डॉक्टरांसारखं झालंय." जुनी पानं चाळताना दिसलं की शेवटच्या काही पानांवर त्यांचं अक्षर दुप्पट मोठं झालं होतं आणि ओळी रकाने सोडून तारा लोंबाव्यात तशा खाली आल्या होत्या. मला वाटलं, वय. वय म्हटलं की पुढचं बघावं लागत नाही.

तरी पक्षी ते अचूक सांगत होते. ट्री ट्री ऐकू आलं की "राघू, चौथा खांब." कुठे बसला हे विचारलं तर "खालून दुसरी तार, तो तिथेच बसतो." आणि तो तिथेच बसलेला असे.

डिसेंबरात एका संध्याकाळी मी वही परत द्यायला त्यांच्या घरी गेलो. काका आत होते. काकूंनी दार उघडलं, माझ्या हातातली वही बघितली आणि हळूच म्हणाल्या, "तुम्हीच ठेवा. त्यांना वाचता येत नाही आता."

डोळ्यांच्या पडद्याचा विकार. दोन वर्षं झाली होती. मोतीबिंदू असता तर काढून टाकता आला असता, हे वेगळं. यात कडेचं दिसतं, मधलं जातं. म्हणजे ज्याच्याकडे बघावं, नेमकं तेच पुसलं जातं. बाजूला नजर केली तर थोडंफार हाती लागतं. "मला म्हणाले, टोळीत सांगू नकोस," काकू म्हणाल्या. "सगळे मला दाखवायला लागतील, म्हणाले. ते मला सहन व्हायचं नाही."

मी वही घेऊन जिना उतरलो. वीस ग्रॅमच्या राघूला जे मिनिटात कळतं ते मला कळायला दोन वर्षं लागली होती, आणि मी तर दुर्बीण घेऊन उभा होतो.

पुढच्या रविवारी मी लवकर गेलो, टोळी यायच्या आधी. कडाक्याची थंडी होती. काका चौथ्या खांबाखाली खाकी शालीत उभे. वेडे राघू थंडीत उशिरा उठतात. ऊन वर आलं तरी तारेवर एकमेकांना खेटून, अंगाचे गोळे करून, चोची पाठीच्या पिसांत खुपसून बसून राहतात. त्या दिवशीही बसले होते, खालून दुसऱ्या तारेवर. आवाज नाही. एकही ट्री नाही. काका त्यांच्याखालीच उभे होते आणि त्यांना पत्ता नव्हता.

काय करावं कळेना. मग मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"काका, खालून दुसरी तार. खांबापासून डावीकडे या. वीतभर."

काका गप्प झाले. मग त्यांनी मान वर केली, जरा बाजूला वळवली.

"नऊ आहेत," मी म्हणालो. "चिकटून बसलेत. सहावा जागा आहे, बाकी झोपलेत. त्याच्या शेपटीची एक काडी तुटलीय. ऊन पडलंय, त्यामुळे डोक्यावरचं सोनं दिसतंय."

"कुठल्या बाजूची काडी?"

"उजवी."

ते बराच वेळ बघत राहिले, पाचव्या खांबाच्या दिशेला.

"दिसला का?" मी विचारलं.

"हां…" काका म्हणाले. "हां हां… अच्छा!"

ही दुसरी जात होती, मी तिचा तज्ज्ञ आहे. सूर बरोबर लागला होता. उलटतपासणी करायचा अधिकार मला होता, पण मी वही उघडली. खांब 4. तक्रार: वेडे राघू, 9. मग पेन पुढच्या रकान्याकडे गेलं.

"निवारण काय लिहू?"

"बसलेत ना अजून?"

"बसलेत."

"मग लिहू नकोस," काका म्हणाले, आणि एवढं हळू बोलले की नऊपैकी एकही राघू हलला नाही.